दफ्तर आपले, किल्ली कोणाची?

(पाटण येथे वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर व्याख्याने झाली. मला मात्र कार्यकारी मंडळाने संगणकासारख्या रुक्ष विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. आज्ञेला कारण आहे. आपल्या पतसंस्थेच्या संगणकाचा करार मार्चअखेर संपत असून पुढे काय करावयाचे ते सभासदांनी ठरवावयाचे आहे. निवृत्त शिक्षकांच्या ठेवी, मुंबईत माथाडीचे काम करून कोयनाकाठच्या घरी पैसे पाठविणाऱ्या कुटुंबांची शिल्लक, कोणाच्या मुलीच्या लग्नाची पुंजी, हे सारे त्या एका यंत्रात नोंदलेले आहे. तेव्हा विषय रुक्ष असला तरी परका नाही.

पूर्वी किर्द आणि खतावणी कपाटात असे. कपाटाची किल्ली चिटणिसांकडे, आणि वही उघडली की कोणाही साक्षर माणसाला ती वाचता येई. आता खतावणी मुख्य संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये, गेली आहे. ती वाचावयास दोन गोष्टी लागतात. एक हिशेबाची आज्ञावली आणि दुसरी तिच्याखालची कार्यप्रणाली, जी यंत्राला हलवते-बोलवते. ही कार्यप्रणाली एखाद्या कंपनीच्या मालकीची असेल, तर तिची आतील रचना त्या कंपनीवाचून कोणास पाहता येत नाही. कंपनीने दुरुस्ती थांबविली की नवी आवृत्ती घेणे भाग पडते, आणि नव्या आवृत्तीला पुष्कळदा नवे यंत्रही लागते. मुक्त स्रोताची रीत वेगळी आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. तो कोणीही वाचावा, सुधारावा, त्याची प्रत दुसऱ्यास द्यावी, अशी त्याच्या परवान्याचीच अट आहे.

हे फुकटचे खेळणे आहे, व्यापारउदिमास उपयोगी नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी दलाल स्ट्रीटकडे पाहावे. मुंबईचा शेअर बाजार १८७५ पासूनचा. १४ मार्च १९९५ रोजी तेथे 'बोल्ट' ही संगणकीय पद्धत सुरू झाली आणि रिंगणातील आरडाओरड इतिहासजमा झाली. ही पद्धत टँडेम जातीच्या खास यंत्रांवर चाले. यंत्रे त्या कंपनीची आणि कार्यप्रणालीही तिचीच. ती यंत्रे वाईट होती असे कोणी समजू नये. एक भाग बंद पडला तर दुसरा त्याचे काम उचलून घेई, अशी त्यांची ख्याती होती. जवळजवळ दोन दशके बाजार त्यांवर चालला. पुढे २०१३ मध्ये बाजाराने जर्मनीच्या डॉइश बोर्स ह्या संस्थेशी सहकार्य केले, वायद्यांचे व्यवहार आधी हलविले, आणि ७ एप्रिल २०१४ रोजी समभागांचे व्यवहारही लिनक्सवर चालणाऱ्या नव्या प्रणालीवर आणले. सौद्याला उत्तर मिळण्यास पूर्वी मिलिसेकंद लागत, ते काम मायक्रोसेकंदांवर आले. मात्र एक बारकावा ध्यानी घ्यावा. तेथे पाया मुक्त आहे. त्यावरील सौद्यांची आज्ञावली जर्मन संस्थेचीच आहे. आपल्या बाबतीतही बहुधा असेच होईल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दोन परावलंबनांतून एक गेले तरी पुष्कळ झाले.

दुसरी बाजू सांगितली नाही तर मी आपली फसवणूक केली असे होईल. लंडनच्या शेअर बाजाराने १४ फेब्रुवारी २०११ रोजी आपला मुख्य बाजार लिनक्सवरील नव्या प्रणालीवर नेला, आणि अवघ्या अकरा दिवसांनी, २५ फेब्रुवारीस, तेथील व्यवहार काही तास ठप्प झाले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की सेंटॉस ८ ही विनामूल्य कार्यप्रणाली आधी सांगितल्याप्रमाणे २०२९ पर्यंत न चालता २०२१ अखेरच थांबेल. हजारो कार्यालयांची धांदल उडाली. परंतु रचना उघडी असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ह्या तिच्याच वळणाच्या दोन प्रणाली इतरांनी उभ्या केल्या. मालकीच्या वस्तूला असा वारस सहसा मिळत नाही. आपल्याकडील असंख्य लहान संस्थांचे हिशेब ज्यावर लिहिले गेले त्या फॉक्सप्रोचे उदाहरण घ्या. त्याचा आधार कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये संपविला, आणि त्याला वारस नाही.

खर्चाविषयी एवढेच, की परवान्याचे पैसे वाचतात, माणसाचे वाचत नाहीत. लिनक्स जाणणारा मनुष्य पाटणला सहज मिळणार नाही. कराड किंवा पुण्याहून आणावा लागेल, नाहीतर आपल्याच दोन मुलांना शिकवावे लागेल. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे.

आता ज्या अडचणीचा उल्लेख विक्रेते करीत नाहीत, ती सांगतो. आपल्या सभासदांची नावे मराठीत नोंदलेली आहेत, परंतु जुन्या खासगी टंकांत. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक टंकनिर्मात्याने अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले होते. तो टंक नव्या यंत्रावर नसला की 'शंकरराव' ह्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. आपल्याला ह्याचा अनुभव नवा नाही. ज्यांच्या घरी मोडीतले जुने कागद आहेत त्यांना विचारा: जमीन आपली, कागद आपला, आणि वाचणारा शोधत तालुक्याच्या गावी हिंडायचे. तो कागद निदान लिपी शिकून वाचता येतो. टंकाचा तक्ता हरवला तर शिकणार तरी काय? म्हणून कार्यप्रणाली बदलण्याआधी सर्व नावे युनिकोडमध्ये आणणे हे पहिले काम होय.

नंतरचा क्रम साधा आहे. सध्याची आज्ञावली लिनक्सवर चालते काय, आणि करार संपल्यावर सर्व नोंदी उघड्या, वाचता येण्याजोग्या स्वरूपात परत मिळतील काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. निदान तीन महिने दोन्ही यंत्रे बरोबरीने चालवावीत. दररोज सायंकाळी दोहोंची तेरीज जुळली पाहिजे; रुपयाचा फरक पडला तरी जुने यंत्र हलवू नये. आणि नोंदींची एक प्रत तालुक्याबाहेर असावी. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांना आठवते, त्यांना कोयनेच्या खोऱ्यात ह्याचे कारण विचारावे लागणार नाही.

नावांचे रूपांतर यंत्र करते, परंतु जोडाक्षरांत आणि रफारात ते चुकते. त्या याद्या छापून येत्या महिन्यात प्रत्येक गावच्या प्रतिनिधीकडे दिल्या जातील. वडीलधाऱ्यांनी चष्मा लावून आपल्या घरची, भाऊबंदांची आणि वारसांची नावे तपासावीत, चूक दिसेल तेथे तांबड्या शाईने खूण करावी, आणि यादी फाल्गुन संपण्यापूर्वी कचेरीत पोचवावी.