अभयदान आणि कायद्याचा विद्यार्थी



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेत सांगितले जातात. पहिली तीन दाने समाजाने अन्नछत्रे, दवाखाने आणि वसतिगृहे यांच्या रूपाने निष्ठेने जपली आहेत. अभयदान म्हटले की मात्र पांजरपोळ आणि जीवदया एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. भयग्रस्त माणूसही अभयाचा तितकाच अधिकारी आहे, याचे स्मरण सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावे.

असे भय नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात नांदते. खटल्याचा निकाल न लागलेला तो कच्चा कैदी. वकील नाही, जामीनदार नाही, घरी कमावते कोणी नाही, अशा कैद्याचे दिवस केवळ प्रतीक्षेत सरतात. गुन्हेगारांस साहाय्य कशाला, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. परंतु दोष सिद्ध होईपर्यंत कायदा त्याला निर्दोषच मानतो. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील वास्तव सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दोषी ठरून जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही कच्चे कैदी तुरुंगात होते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो १९९५ मध्ये अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. हक्क कागदावर आहे. तो कोठडीपर्यंत पोहोचवणारी माणसे हवीत. येथे कायद्याच्या विद्यार्थ्याचे स्थान आहे.

सनद नसल्याने तो न्यायालयात वकील म्हणून उभा राहू शकत नाही. पण विचारणे, ऐकणे आणि बिनचूक लिहिणे यांना सनद लागत नाही. पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ साली मुंबईच्या कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांशी संवाद साधला. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे यांनी ते पत्राने सर्वोच्च न्यायालयास कळविले आणि १९८३ मध्ये स्त्रियांच्या कोठडीविषयी व विधी साहाय्याविषयी महाराष्ट्रासाठी निर्देश निघाले. बारसे वकील नव्हत्या.

आजचे उदाहरण तर वहीखात्याइतके सोपे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेला कच्चा कैदी जामिनास पात्र ठरू शकतो. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक-तृतीयांश काळ पुरतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे यांना ही सवलत नाही. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे प्रथमच आरोप आलेल्याची मर्यादा एक वर्ष. अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांचे आहे. तथापि अटकेची तारीख, कलम आणि पूर्वीची शिक्षा या तीन नोंदी पडताळणारा विद्यार्थी असेल, तर एकही नाव यादीतून सुटणार नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची इंटर्नशिप आवश्यक केली आहे. सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. स्वयंसेवी संस्थांतील कामही तीत धरले जाते. अडचण खर्चाची आहे. विनावेतन काम पत्करून शहरात महिनाभर राहणे सुरगाणा-पेठच्या शेतमजुराच्या मुलीला कसे परवडावे? ज्यांना ते दुःख जवळून ठाऊक, त्यांनाच हे दार बंद राहते.

म्हणून न्यासाने प्रतिवर्षी थोड्या विद्यार्थ्यांचा चार आठवड्यांचा प्रवास, निवास आणि भोजनखर्च उचलावा. काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अनुमतीने आणि अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली व्हावे. निवडीस जात-धर्माचे बंधन नसावे. कैद्यांची माहिती गुप्त राहावी. त्यांच्यासमवेत छायाचित्रे काढू नयेत, दात्याच्या नावाचा फलकही नसावा. दरवर्षी हिशेब मात्र सभेपुढे चोख यावा: किती नोंदी तपासल्या, किती अर्ज झाले, किती माणसे घरी परतली.

दानाचे मोल रकमेवर ठरत नाही, ज्याचे भय सरले त्याच्या निःश्वासावर ठरते. त्या चौथ्या दानाचा संकल्प या मंगल वर्षी व्हावा, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र.