मातीचे थर ओळखा

गाविलगडच्या डोंगराचा काळा खडक लाखो वर्षे झिजला. पावसाने बारीक माती वाहून नेली. पूर्णेच्या खोऱ्यात तिचे थरावर थर बसले. म्हणून डोंगरउतारावर हातभर खाली मुरूम लागतो, अन् दर्यापूर-मूर्तिजापूरकडे काळी चिकण माती खोलवर सापडते.

खारपाणपट्ट्यात सोडियम वाढला की चिकण मातीचे कण सुटे होतात, खाली जाऊन छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, पिकाची मुळं गुदमरतात. तिथे विहिरीचं खारं पाणी देऊ नका. माती तपासून शिफारशीप्रमाणे जिप्सम टाका.

उताराच्या वावरात तिफण आडवी चालवा, धुरे बांधा. वाहून गेलेली माती आपल्या हयातीत पुन्हा तयार होत नाही.