डोक्याचा मुका मार



डोके फुटले, रक्त वाहिले, की सगळी आळी धावून येते. कोणी हळद आणतो, कोणी गाडी बघतो. त्या माराविषयी आज आम्ही बोलत नाही. आज बोलायचे आहे ते डोक्याच्या मुक्या माराविषयी.

चिंचा झोडताना फांदी मोडते आणि माणूस खाली येतो. गोठ्यात पाय घसरतो आणि बाईचे डोके गव्हाणीवर आपटते. आता तर घरोघर मोटरसायकली झाल्या आहेत. पडलेला माणूस घटकाभर सुन्न होतो. मग उठून बसतो, पाणी पितो, म्हणतो, "काही नाही झालं मला." दुसऱ्या दिवशी मात्र डोके भरून येते. कोणी सांगतो, डोक्यावर पाटा ठेवल्यागत वाटतंय. कोणी सांगतो, आतून कुणी तरी कवटी ढकलतंय. खाली वाकले की दाब वाढतो. उजेड सोसत नाही. पोरांचा गलका नकोसा होतो. हातातले काम मध्येच विसरते. उगाच राग येतो.

घरची माणसे बघतात, तर जखम नाही, टाका नाही. दवाखान्यात फोटो काढला, तोही चांगला आला. मग चार दिवस गेले की बोलणे सुरू होते, "सुगीच्या दिवसांतच बरं याचं डोकं दुखतंय!" सून असली तर विचारूच नका. हे बोलणे मारापेक्षा जास्त लागते. आणि ते खोटे आहे.

मडक्यात दही लावले आहे असे समजा. मडक्याला जोराचा धक्का बसला. मडके फुटले नाही, चीरही गेली नाही. पण आतले दही हलले. आपला मेंदू असाच मऊ असतो. तो कवटीच्या आत पाण्यासारख्या पातळ रसात असतो. डोके आपटले की तो आत हिसकतो. त्याचे बारीक बारीक धागे ताणले जातात. त्यांचे काम काही दिवस नीट चालत नाही. सीटी स्कॅनच्या फोटोत कवटीची चीर दिसते, आत रक्त साकळले तर तेही दिसते. असा हिसका दिसत नाही. म्हणून फोटो चांगला आला तरी माणूस आजारी असू शकतो.

दाब वाटतो म्हणून मेंदू फुगलाच आहे, असे मात्र समजू नका. मेंदूला स्वतःला दुखणे कळत नाही. दुखते ते त्याच्यावरचे आवरण, तिथल्या शिरा आणि मानेचे स्नायू. पडताना मानेलाही झटका बसतो. मान आखडली की तिचे दुखणे वर डोक्यात चढते. फडके करकचून बांधून हा दाब उतरत नाही. माने-खांद्यांना ऊबदार शेक दिला तर पुष्कळांना बरे वाटते.

आता एक गोष्ट नीट ऐका. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा वांती झाली, माणूस हाक मारून जागा होईना, भलतेच बोलू लागला, जीभ जड झाली, हात-पाय लुळा पडला, आकडी आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, तर हा मुका मार नव्हे. आत रक्त साकळत असेल. १०८ नंबरला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. भगताकडे तर नेऊच नका. म्हाताऱ्या माणसांना आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारांना काही वाटत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्यांत असे रक्त कधी कधी दोन-तीन आठवड्यांनीही त्रास देते.

पडलेल्या माणसाला झोपू द्यायचे नाही, असे पूर्वी म्हणत. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोपू द्या, झोपेनेच मेंदू सावरतो. पहिल्या रात्री जवळ कोणी तरी असावे.

पहिले दोन दिवस अंगाला आणि डोक्यालाही विसावा द्या. घरातल्या घरात हिंडावे, खावे, पडावे. मोबाईल बाजूला ठेवावा. पडल्या पडल्या तो बघणे म्हणजे विसावा नव्हे! दारू मुळीच नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. दुसऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, काहींनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि कुठलीही गोळी रोजची करू नका. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस गोळी घेतली तर गोळीनेच डोके दुखू लागते.

दोन दिवसांनंतर मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये. पुष्कळ लोक इथेच चुकतात. काही जण महिनाभर अंथरूण धरतात, तर काही तिसऱ्या दिवशीच पोते उचलतात. दोघांचेही दुखणे लांबते. थोडे चालावे. बांधापर्यंत जाऊन यावे. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे पुढे जावे.

किती करावे, हे कसे कळणार? हाताची दहा बोटे आहेत ना? दाब मुळीच नसला तर एकही बोट नाही. सोसवत नसला तर दहा बोटे. सकाळी उठल्यावर विचारायचे, आज किती? समजा, तीन बोटे. काम करताना चार झाली, पाच झाली, आणि बसल्यावर तासाभरात उतरली, तर भिऊ नका. तेवढ्याने इजा होत नाही. पाचाच्या वर चढू लागला, की हातातले काम ठेवून सावलीत बसायचे. उद्या त्याहून थोडे कमी करायचे. काम सोडून द्यायचे नाही.

बायांना आमचे सांगणे आहे, डोक्यावर हंडा घेऊ नका, मानेवर भार येतो. मोटरसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विहीर आणि झाड ही कामे डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच करावी. तिथे घेरी आली आणि पुन्हा डोके आपटले, तर दुसरा मार पहिल्याहून वाईट. घरच्यांनी तेवढे दिवस कामे वाटून घ्यावी आणि जीभ आवरावी.

मोठ्या माणसांना बहुधा दोन आठवड्यांत उतार पडतो. मुलांना महिनाभर लागतो. महिना उलटूनही दाब राहिला, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखवा. मानेचे व्यायाम, घेरीवरचे व्यायाम, झोपेवरचे उपाय तिथे मिळू शकतात.

तुम्हाला आता लिहिता येते. एका कागदावर रोजची तारीख घाला आणि पुढे बोटांचा आकडा मांडा. जाताना तो कागद घेऊन जा. पडताना ज्याने पाहिले त्यालाही बरोबर न्या. किती वेळ शुद्ध नव्हती, काय बोलत होता, हे पडलेल्याला आठवत नसते.