शहराचा कोंडवाडा

कोंडवाडा ही संस्था मूळची गुरांसाठी निर्माण झाली. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर धरून आणावे, मालकाने दंड भरून ते सोडवून न्यावे, आणि मालक न आल्यास त्याचा लिलाव करावा, असा क्रम १८७१ च्या कायद्याने घालून दिला. ह्या व्यवस्थेत जनावराला मालक असतो आणि किंमतही असते, हे गृहीत धरलेले होते. शहरातील मोकाट कुत्र्याच्या बाबतीत हे दोन्ही आधार नाहीसे होतात. त्याला सोडवावयास कोणी येत नाही, आणि लिलावात त्याच्यावर बोली करणाराही कोणी मिळत नाही. त्यामुळे कुत्र्यांचा कोंडवाडा म्हणजे वधस्थान, असेच समीकरण पुष्कळ शहरांत होऊन बसले.

मुंबई शहराने ह्या प्रश्नाची दोन्ही टोके फार पूर्वी पाहिली आहेत. १८३२ साली तेथे मोकाट कुत्रे मारणारास दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान आहे. अंत्यविधीतही त्याच्या दृष्टीस महत्त्व आहे. त्या समाजाच्या सणाच्या दिवशी, ६ जून रोजी, ही हत्या चालू राहिलेली पाहून लोक खवळले, मोठा दंगा झाला, आणि इतर समाजांचे लोकही त्यात मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई व जैन व्यापारी ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. एका बाजूस सरसकट वध आणि दुसऱ्या बाजूस आजन्म आश्रय, असे हे दोन मार्ग होत.

ह्यांपैकी पहिला मार्ग मुंबईत १९९४ पर्यंत चालला. परंतु कुत्री कमी झाली नाहीत. ह्याचे कारण गूढ नाही. उकिरडा जागच्या जागी राहिला, की रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येऊन वसतात. कुत्रीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा, आणि एका वेतात पिल्ले अनेक. तेव्हा गेलेली संख्या भरून निघण्यास वेळ लागत नाही.

दुसरा मार्ग दयेचा खरा, तथापि त्याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका शहराच्या आश्रयस्थानात १०० पिंजरे आहेत. प्रत्येक कुत्रे तेथे दहा वर्षे राहिले, तर दहा वर्षांत १०० कुत्र्यांचीच सोय होईल. तेच कुत्रे शस्त्रक्रिया व लस ह्यांसाठी पाच दिवस राहून परत गेले, तर त्याच १०० पिंजऱ्यांतून एका वर्षात ७३०० कुत्री जाऊ शकतील. रेबीजची साखळी तुटावयाची असेल तर शंभरांतील सुमारे ७० कुत्र्यांना लस मिळाली पाहिजे, असे आरोग्यशास्त्र सांगते. ह्या रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली, की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून पिंजरा किती दिवस अडतो, हा प्रश्न अखेरीस रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे.

भारत सरकारने २००१ साली केलेले व २०२३ साली नव्याने घडविलेले नियम ह्याच विचारावर उभारलेले आहेत. कुत्रे धरावे, निर्बीजीकरण करावे, लस द्यावी, कानास खूण करावी आणि जेथून आणले तेथेच नेऊन सोडावे. परंतु नियम छापला म्हणजे तो पाळला गेला, असे होत नाही. कुत्रे कोणत्या गल्लीतून आणले ह्याची नोंद नसली, तर ते भलत्याच वस्तीत सोडले जाते. तेथे ते भांडते, घाबरते आणि चावते. शस्त्रक्रियेनंतर पुरते चार दिवसही न ठेवता सोडलेल्या जनावराची जखम चिघळते. कामाचा मोबदला दर कुत्र्यामागे मिळत असल्यामुळे खोट्या आकड्यांचा मोहही असतो. म्हणूनच काढलेल्या अवयवांची मोजदाद करून आकडा पडताळावा, अशी तरतूद नियमांत आहे. येथेच सुधारणेची खरी जागा आहे. धरलेली, सोडलेली, दगावलेली अशा कुत्र्यांची संख्या वॉर्डवार दरमहा प्रसिद्ध झाली, तर नागरिकांस आपल्या गल्लीतील खुणेचे कान मोजून ती ताडून पाहता येईल.

२०२५ साली ह्या प्रश्नास आणखी एक वळण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट रोजी दिल्ली व आसपासच्या कुत्र्यांस आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, उपचार झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत असे ठरविले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून ती तेथे परत न सोडण्यास सांगितले. अशा कुत्र्यांस कायमची जागा लागणार, हे उघड आहे. ती जागा शस्त्रक्रियेच्या पिंजऱ्यांतून काढून घेतली, तर नवी पैदास थांबविण्याचे कामच बंद पडेल. आश्रय आणि उपचार ह्यांच्या इमारती, नोकर व पैसा वेगवेगळे ठेवणे, हाच ह्यावर व्यवहार्य तोडगा दिसतो.

उरला नागरिकांचा भाग. उरलेसुरले अन्न रस्त्यावर न टाकणे, नकोसे झालेले पाळीव कुत्रे रात्री दूर नेऊन न सोडणे, आणि कुत्रे चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठणे, ही कर्तव्ये प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. ती पाळणाऱ्या घरांनी नगरपालिकेकडे कोंडवाड्याचा मासिक हिशेब मागितला, तर तो नाकारणे तिला कठीण जाईल.