द्राक्षाचा चेक आणि वकिलाची डायरी



छोट्या वकिलीतून काय शिकायला मिळालं, हा आजचा विषय. माझ्यासारख्या एका खोलीच्या ऑफिसचं बरंचसं काम द्राक्षबागांतून येतं. म्हणून मी एकाच प्रकारच्या खटल्याबद्दल बोलणार आहे, न वटलेल्या चेकच्या.

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. व्यापारी बागेत येऊन सौदा करतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख देतो आणि विश्वास बसतो. शेवटच्या गाड्यांचा मात्र चेक मिळतो. "तात्या, आठ दिवस थांबून टाका," असं सांगून तो निघून जातो. मग फोन बंद.

आता कायद्याच्या मुदती पाहा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. तो परत आल्याचं बँकेकडून कळलं, की 30 दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला 15 दिवस. त्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या 30 दिवसांना माफी नाही. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो. तीही संपली असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 चा, म्हणजे या फौजदारी फिर्यादीचा, रस्ता बंद होतो आणि दिवाणी दावा उरतो.

हे 30 दिवस नेमके एप्रिलात येतात. तेव्हा खरड छाटणी चालू असते, मजूर मिळत नाहीत, घरात लग्न निघालेलं असतं. माणूस जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, पिशवीत चेक आणि तो परत आल्याचा बँकेचा मेमो घेऊन येतो. त्याला "उशीर झाला" एवढंच सांगून परत पाठवणं मला कधी जमलं नाही. बागेसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, औषधवाल्याची उधारी असते, ती कोणत्याही मुदतीची वाट पाहत नाही.

2020 साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली. फार मोलाचं काम होतं ते. पण पोलिसांत अर्ज दिला की चेकची मुदत थांबते, असा समज गावोगाव आहे. ती थांबत नाही. पोलिसांत अर्ज आणि चेकची नोटीस, ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात करावी लागतात.

म्हणून छोट्या ऑफिसात सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, असं कुणी ज्युनिअरने विचारलं तर मी डायरी दाखवतो. पक्षकार बसल्याबसल्या मेमोवरची तारीख पाहायची, शेवटचा दिवस मोजायचा आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या पानावर नाव लिहायचं. तीच नोंद दुसऱ्या माणसाच्या वहीतही हवी. मोठ्या फर्ममध्ये एक आजारी पडला तर दुसरा असतो. आमच्याकडे वकील तापाने झोपला, तर अशिलाचा हक्क जाऊ शकतो.

नंतर कागद. वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचा नंबर, व्यापाऱ्याचा कायमचा पत्ता. यातला पत्ता सगळ्यात अवघड. गावात तो भाड्याच्या खोलीत राहिलेला असतो आणि घर परराज्यात. नोटीस बरोबर पत्त्यावर गेली, तर ती घेतली नाही म्हणून सुटका होत नाही. पत्ताच खोटा निघाला, तर समन्सची बजावणी अडते आणि तारखांमागून तारखा पडतात.

खटला कुठे चालणार, हाही जिवाचा प्रश्न होता. 2014 च्या ऑगस्टमध्ये दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की चेक ज्या बँकेवर काढला तिथल्या न्यायालयात जायचं. म्हणजे दिल्लीचा चेक असेल तर दिंडोरीच्या शेतकऱ्याने दिल्ली गाठायची. कित्येकांनी तिथेच नाद सोडला असता. 2015 च्या दुरुस्तीने फिर्याद शेतकऱ्याच्या स्वतःच्या बँकशाखेच्या न्यायालयात आणली. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने या कायद्यातली ही सर्वांत मोठी दुरुस्ती आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

फीबद्दल मोकळेपणाने बोलतो. "साहेब, वसूल झालं की निम्मे तुमचे," असं लोक मनापासून म्हणतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर फी ठरवायला किंवा वसुलीत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. वाटा ठरला की वकिलालाच घाई होते. अशिलाला परवडणार नाही अशा तडजोडीवर तो सही घेऊ लागतो. त्यामुळे रक्कम पहिल्याच दिवशी कागदावर लिहायची, हप्ते सुगीप्रमाणे पाडायचे, प्रत्येक हप्त्याची पावती द्यायची. ज्याला देणं शक्यच नाही, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार दाखवायचं.

बरीच प्रकरणं शेवटी लोकअदालतीत मिटतात. तिथे व्यापारी हप्ते कबूल करतो आणि शेतकरी व्याज सोडतो. दोन हप्ते येतात, तिसरा येत नाही. तेव्हा लोक हताश होऊन विचारतात, "आता पुन्हा पहिल्यापासून?" नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, चेकच्या प्रकरणातही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या अखेरीस गोविंदन कुट्टी मेनन प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यावर थेट वसुलीची दरखास्त दाखल होते. म्हणून तडजोडीच्या दिवशीच मी हप्त्यांच्या सगळ्या तारखा डायरीत उतरवून घेतो, आणि निवाड्याची प्रत अशिलाच्या हातात दिल्याशिवाय फाइल बांधत नाही.