मैदानातली परिषद फोनवर आली तेव्हा

मी पनवेलजवळच्या ओवे गावातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज पापड-लोणच्याविषयी नाही, रोपांविषयी बोलायचंय. आणि ती रोपं विकायला फोनसमोर बसायची वेळ आली तेव्हा आमची कशी तारांबळ उडाली, तेही सांगायचंय.

आमचं ओवे खारघरला लागून. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी इकडच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली. शेतं गेली, पण अंगणं राहिली आणि बायकांच्या हाताची माती काही सुटली नाही. म्हणून आमच्या 11 जणींच्या गटानं रोपवाटिका सुरू केली. तुळस, गवती चहा, अडुळसा, कढीपत्ता. समोर एवढ्या इमारती, प्रत्येक खिडकीत कुंडी. गिऱ्हाईक मिळेल, हा हिशोब.

2021 च्या सुरुवातीला रोपवाटिका आणि सेंद्रिय खतवाल्यांची एक व्यापारी परिषद भरणार होती. आम्ही प्रत्येकी 300 रुपये काढून 3,300 रुपये स्टॉलसाठी भरले. 600 पिशव्या भरून रोपं तयार केली. आणि मग निरोप आला, कोरोनामुळे मैदान रद्द, परिषद ऑनलाइन होणार. ज्यांना यायचंय त्यांचे 1,000 रुपये ठेवून घेऊ, बाकीचे परत देऊ. ज्यांना नको त्यांना सगळे परत.

त्या संध्याकाळची गटाची बैठक मी विसरणार नाही. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, "अगं, रोप हातात घेतल्याशिवाय कोण घेतो? फोनवर काय माती दिसणार? पैसे परत माग." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हजार रुपये म्हणजे गटातल्या दोघी-तिघींची मजुरी. शिवाय 11 जणींत चांगला फोन चौघींकडेच, त्यातले दोन पोरांच्या हातात.

मी म्हटलं, "काकी, आपण मागं फिरलो तर परिषद थांबणार नाही. ती होणारच. फक्त तिथं मोठ्या नर्सरीवाल्यांचीच रोपं दिसतील." हात वर करून मत घेतलं. सहा विरुद्ध पाच. जायचं ठरलं, पण पाच जणींची तोंडं उतरलेली होती. त्याचं ओझं माझ्या डोक्यावर.

तेव्हा हे फक्त आपल्याकडेच चाललं होतं असं नाही. जर्मनीत न्यूरेम्बर्गला सेंद्रिय मालाचं बायोफाख नावाचं जगातलं मोठं प्रदर्शन भरतं. त्या वर्षी 17 ते 19 फेब्रुवारीला तेसुद्धा पूर्ण ऑनलाइन झालं. आपल्याकडे 4 मे 2020 ला सरकारच्या जेम पोर्टलवर बचत गटांच्या मालासाठी 'सरस कलेक्शन' सुरू झालं होतं. म्हणजे बाजार दुसऱ्या वाटेनं वळत होता. आपण त्या वाटेवर उभं राहायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

पहिला दिवस वाया गेला. मी माझ्या घरात पंख्याखाली फोन घेऊन बसले. सूचना सगळ्या इंग्रजीत. आवाज बंद ठेवलाय हे कळायलाच पाच मिनिटं गेली. मग एका खरेदीदारानं विचारलं, "महिन्याला किती रोपं द्याल? दर जागेवरचा की पोहोच?" मी गप्प. बीए झालेली बाई, पण आपल्याच मालाचा हिशोब तोंडावर नव्हता. तो माणूस दुसरीकडे निघून गेला.

रात्री आम्ही परत बसलो. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चार आकडे लिहिले. एका रोपाला पिशवी, माती, खत, मजुरी धरून खर्च 11 रुपये. टेम्पोचे 3 रुपये. पोहोच दर 20 रुपये. महिन्याला 300 रोपं नक्की, जास्त नाही. एवढंच. पण हे आकडे अकरा जणींना पाठ झाले.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, फोनसमोर काकी बसतील. त्या "नको गं बाय" म्हणत होत्या. आम्ही त्यांना घरात नाही, रोपांच्या मधे बसवलं. सकाळचं ऊन तोंडावर, पाठीवर नाही. खरेदीदारानं विचारलं, "रोप किती दिवसांचं?" काकींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी एक पिशवी ब्लेडनं उभी कापली आणि मातीचा गोळा फोनसमोर धरला. पांढरी मुळं गोळ्याला सगळीकडून धरून होती. म्हणाल्या, "बघा. हे तुमच्याकडे गेलं की कोमेजणार नाही."

एका माणसानं आंब्याची कलमं मागितली. फळझाडांची कलमं विकायला राज्याच्या 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो, तो आमच्याकडे नव्हता. काकींनी सरळ "नाही" सांगितलं. त्या एका "नाही"मुळे बाकीच्यांचा विश्वास बसला, असं मला आजही वाटतं.

शेवटी मिळालं काय? 150 तुळशींची एक ऑर्डर, 3,000 रुपयांची. आणि गंमत म्हणजे तो बागेचा ठेकेदार खारघरचाच. इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर होता, भेटला तो फोनवर. उरलेली रोपं आम्हाला दारोदारच विकावी लागली. मैदानात रोख पैसा त्याच दिवशी हातात येतो, शेजारच्या स्टॉलवाल्या बाईशी ओळख होते. ते ऑनलाइनमध्ये नाही. हे मी लपवणार नाही.

आता जास्त बैठका मैदानात होतात, पण अर्ध्या फोनवरही असतात. म्हणून सांगते. आधी आकडे पाठ करा, खर्च, दर, महिन्याचा माल, पोहोच. फोन मालाजवळ न्या. आदल्या दिवशी त्याच जागी एकदा लावून बघा, रेंज येते का ते कळेल. जिनं माल केला तिला बोलू द्या. एकीनं बाजूला वही घेऊन नाव-नंबर लिहावेत, आणि दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला फोन करावा.

आणि एक सावधगिरी. परिषदेनंतर आम्हाला एक फोन आला, "आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

परिषद भरवणाऱ्यांनाही आपण सांगायला हवं. सूचना मराठीत द्या. वेळ दुपारी दोननंतरची ठेवा, सकाळी चूल आणि पाणी असतं. बैठक नंतर बघता येईल अशी ठेवा. आम्ही हे पत्रानं कळवलं. पुढच्या वेळी सूचना मराठीत आल्या. आपण गेलो म्हणून हे सांगता आलं. बाहेर राहून सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं?

त्या पाच जणींचं काय झालं, विचाराल. पुढच्या परिषदेला मत घेतलं तेव्हा दहा हात वर होते. अकरावा काकींचा नव्हता, कारण त्यांच्या दोन्ही हातांत रोपं होती. म्हणाल्या, "मत काय घेतेस? फोन कुठं लावायचा ते सांग."