उपदानाचा हक्क आणि बदलता कामगार कायदा



दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाने चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि एकोणतीस जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. त्या पाठोपाठ एक वाक्य अनेकांच्या तोंडी झाले : "आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते." हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग ठाऊक नसल्यामुळे पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेला एखादा कायम कामगार राजीनामा देऊन मोकळा झाला, तर त्याचे नुकसान भरून देण्याची तरतूद कोणत्याही संहितेत नाही. यास्तव चारही संहितांचा धावता आढावा घेण्यापेक्षा ग्रॅच्युइटी, म्हणजेच शासकीय मराठीत ज्याला उपदान म्हणतात, त्या एकाच हक्काचा प्रवास पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. कामगार कायदा कसा बदलतो आणि त्या बदलाचा माग कसा ठेवावा लागतो, हे त्यावरून ध्यानात येते.

उपदान म्हणजे मालकाने खूश होऊन दिलेले बक्षीस, अशी पूर्वी समजूत होती. दीर्घकाळ इमानेइतबारे केलेल्या सेवेचा तो कायदेशीर मोबदला आहे, ही भूमिका केरळने १९७० मध्ये व पश्चिम बंगालने १९७१ मध्ये राज्यापुरते कायदे करून मांडली. संसदेने साऱ्या देशासाठी उपदान प्रदान अधिनियम, १९७२ संमत केला व तो १६ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला तो लागू. सलग पाच वर्षे सेवा झाली की हक्क उत्पन्न होतो. आणि सेवेच्या प्रत्येक वर्षास शेवटच्या दराने पंधरा दिवसांचे वेतन, अशी त्याची मांडणी. पंधरा दिवसांचे वेतन काढताना मासिक वेतनाला ३० ने नव्हे तर २६ ने भागावयाचे, कारण चार साप्ताहिक सुट्ट्या वजा होतात. मृत्यू किंवा अपंगत्व यांमुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही. पाच वर्षांनंतरच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा अधिक काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरले जाते. आणि एकदा हा कायदा लागू झालेल्या ठिकाणी पुढे माणसे दहांहून कमी झाली तरी तो लागूच राहतो. ही शेवटची गोष्ट लहान कारखानदार क्वचितच आपण होऊन सांगतात.

आरंभी दरमहा एक हजार रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणाऱ्यास या कायद्याचा लाभ नव्हता. ती मर्यादा पुढे वाढत गेली आणि १९९४ मध्ये पूर्णपणे उठली. उपदानाच्या कमाल रकमेची मर्यादा १९९७ मध्ये साडेतीन लाख, २४ मे २०१० पासून दहा लाख आणि २९ मार्च २०१८ पासून वीस लाख रुपये झाली. या तारखा पाठ करण्यासाठी नाहीत. पण मोठ्या वेतनावर दीर्घकाळ काम करून २३ मे २०१० रोजी निवृत्त झालेल्याची मर्यादा साडेतीन लाख, तर दुसऱ्या दिवशी निवृत्त झालेल्याची दहा लाख, असे एका रात्रीचे अंतर कायद्यात असते. वाढीव मर्यादेची बातमी वाचताना आकड्याइतकेच लक्ष "केव्हापासून" या शब्दाकडे हवे, ते एवढ्याचसाठी.

शिक्षकांच्या बाबतीत जे घडले ते अधिक बोलके आहे.

केंद्र शासनाने ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने हा अधिनियम दहा वा अधिक माणसे असलेल्या शिक्षणसंस्थांना लागू केला. सरकारी सेवकांना त्यांचे स्वतंत्र नियम असतात. प्रश्न होता तो मुख्यत्वे खाजगी शाळांतील शिक्षकांचा. शाळा कायद्याच्या कक्षेत आली, परंतु शिक्षक आला का? अधिनियमातील "कर्मचारी" या शब्दाच्या व्याख्येत कुशल, अर्धकुशल, अकुशल, शारीरिक, देखरेखीचे, तांत्रिक वा कारकुनी काम करणारा, अशी कामांची यादी होती. अध्यापन त्यांपैकी कशात बसते? अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेल्या दाव्यात १३ जानेवारी २००४ रोजी निर्णय झाला की, ते कशातच बसत नाही. परिणाम असा की त्याच शाळेतील लिपिकाला आणि शिपायाला उपदान मिळणार, पण वर्गात शिकविणाऱ्या गुरुजींना नाही. न्यायालयाने शिक्षकांचे कार्य गौरवाने उल्लेखिले आणि त्यांच्यासाठी तरतूद करणे हे कायदेमंडळाचे काम आहे, असेही सुचविले.

संसदेने ती सूचना मनावर घेतली. २००९ च्या दुरुस्ती अधिनियमाने व्याख्येतील यादीच काढून टाकली आणि तिच्या जागी कोणत्याही प्रकारचे काम, मग ते शारीरिक असो वा अन्य, असे व्यापक शब्द घातले. ही दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने, अमलात आली हे विशेष. खाजगी शाळांच्या संघटनांनी तिला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली आणि थकलेले उपदान व्याजासह सहा आठवड्यांत देण्यास सांगितले. अधिसूचनेपासून या निकालापर्यंत पंचवीस वर्षे लोटली होती.

आता उदाहरणादाखल एखाद्या गावातील खाजगी शाळेत बावीस वर्षे शिकवून २००६ मध्ये निवृत्त झालेली शिक्षिका कल्पावी. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून तेरा हजार रुपये. तेरा हजार भागिले २६, गुणिले १५, म्हणजे साडेसात हजार. त्याला बावीसने गुणले की एक लाख पासष्ट हजार रुपये. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने "तुम्हांला लागू नाही" असे सांगितले, तर ते त्या दिवसाच्या निर्णयानुसार बरोबरच होते. पण २००९ नंतर ते बरोबर राहिले नाही. ज्यांना ही दुरुस्ती कळली त्यांनी मागणी केली. ज्यांनी आपले प्रकरण संपले असे समजून कागद माळ्यावर टाकले, त्यांचा हक्कही त्या कागदांबरोबर तेथेच पडून राहिला. वस्तुतः अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून तीस दिवसांच्या आत देण्याची जबाबदारी अधिनियमाने मालकावरच टाकलेली होती. तथापि न मागता देणारे थोडेच.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जिला राष्ट्रपतींची संमती २०२० मध्येच मिळाली होती, १९७२ चा अधिनियम आपल्या पोटात घेतला आहे. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कामांची यादी पुन्हा आली आहे, परंतु तिच्या शेवटी "किंवा इतर कोणतेही काम" हे शब्द आहेत. मागचा सारा वाद आठवला म्हणजे या शब्दांचे मोल कळते.

आता त्या एका वर्षाबद्दल. ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर नेमलेल्या कर्मचाऱ्यास, मुदत संपल्यावर, पाच वर्षांची अट न लावता सेवेच्या प्रमाणात उपदान द्यावयाचे, अशी नवी तरतूद आहे. एक वर्ष सेवा झालेल्यास ते मिळेल, असा तिचा खुलासा केंद्र शासनाने केला आहे. कायम कर्मचाऱ्यास मात्र पाच वर्षांची अट पूर्वीप्रमाणेच आहे. श्रमिक पत्रकारांसाठी ती तीन वर्षांची आहे. तसेच २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी ज्याची नोकरी संपली, त्याचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो. गोव्यात हॉटेल व्यवसायात ऑक्टोबर ते मे अशा हंगामापुरते करार करण्याची रीत आहे. दर वर्षी आठ महिन्यांचा नवा करार करणाऱ्याचे वर्ष कधी भरावयाचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. अशा कामगारांनी प्रत्येक करारपत्र जपून ठेवावे. सेवा सलग होती की तुटक, याचा निर्णय करण्याची वेळ आली तर तोच पुरावा. नव्या संहितांनी नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे, ते मागून घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

दुसरा बदल वेतनाच्या व्याख्येतील आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. मूळ वेतन व महागाई भत्ता लहान ठेवून बाकीची रक्कम घरभाडे, प्रवास इत्यादी भत्त्यांत दाखविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, कारण उपदान मूळ वेतन व महागाई भत्ता यांवरच मोजले जाई. संहितेप्रमाणे असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात धरली जाते. चोवीस हजारांत मूळ वेतन आठ हजार व भत्ते सोळा हजार असतील, तर जुन्या रीतीने दहा वर्षांचे उपदान सुमारे ४६,१५४ रुपये होते. नव्या रीतीने वेतन बारा हजार धरले जाऊन ते सुमारे ६९,२३१ रुपये होईल. वेतनचिठ्ठी न वाचता खिशात घालणाऱ्यास हा फरक कळणार नाही.

तक्रार कोठे करावी, यातही चूक होते. खाणी, बंदरे, बँका यांना, तद्वतच एकाहून अधिक राज्यांत शाखा असलेल्या आस्थापनांना केंद्र शासनाची यंत्रणा लागू होते. इतरांसाठी राज्याचे कामगार आयुक्त. वेर्णा येथील एखाद्या कारखान्याचे मुख्यालय व शाखा परराज्यांत असतील, तर तेथील कामगाराने अर्ज देण्यापूर्वी ही गोष्ट विचारून घ्यावी, म्हणजे फेऱ्या वाचतील. केंद्राचे नियम भारताच्या राजपत्रात व राज्याचे नियम राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात, आणि जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते काही काळ चालू राहण्याची तरतूद आहे. राजपत्राची भाषा सुबोध असते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ग्रामपंचायतीचे सचिव व शाळांचे मुख्याध्यापक यांनी संबंधित अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि ती कोणाला लागू आहे एवढ्या तीन ओळी मराठीत लिहून फलकावर लावल्या, तरी पुष्कळ काम होईल.

एक बाब बहुधा शेवटच्या घटकेपर्यंत राहून जाते, ती नामनिर्देशनाची. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर उपदान नामनिर्देशित व्यक्तीस मिळते. ज्याला कुटुंब आहे त्याने कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नाव दिले तर ते कायद्याने निरर्थक ठरते. अविवाहित असताना मित्राचे किंवा दूरच्या नातलगाचे नाव देऊन ठेवलेल्याचे विवाहानंतर ते नामनिर्देशन टिकत नाही. नवे द्यावे लागते. नोकरीस लागताना भरलेला तो अर्ज कार्यालयाच्या फाइलीत असतो. त्यावर आज कोणाचे नाव आहे, हे कोणत्याही कामाच्या दिवशी जाऊन पाहता येते.